कॉम्प्युटर अडला की आधी घड्याळ बघा

मागच्या वेळी आपण गटाच्या कर्जप्रस्तावाची कागदपत्रं कशी लावायची ते बोललो होतो. आज त्याच प्रस्तावाच्या मागची गोष्ट सांगते. प्रस्ताव तयार होता, सह्या झाल्या होत्या, आणि कॉम्प्युटर अडून बसला.

पुण्यात आमचं एक छोटं ऑफिस आहे. एक टेबल, एक कपाट, आणि दहा-बारा वर्षांचा एक जुना कॉम्प्युटर. मुळशी आणि हवेली तालुक्यांतल्या गटांचे हिशेब तिथे भरले जातात. त्या दिवशी बँकेच्या साइटवर प्रस्ताव टाकायचा शेवटचा दिवस होता. साइट उघडली की लाल अक्षरं यायची, ‘तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही’. एकदा, दोनदा, दहादा तेच. शेजारच्या दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावलं. त्याने पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, मदरबोर्ड गेलाय. साडेचार हजार होतील." साडेचार हजार म्हणजे आमच्या एका गटाची दोन-तीन महिन्यांची बचत.

आमच्या वस्तीतल्या एका गटातल्या मावशींची सून हिंजवडीला एका कंपनीत नोकरीला आहे. तिथले सगळे कॉम्प्युटर चालू ठेवणं हेच तिचं काम. तिला फोन केला. तिने पहिला प्रश्न विचारला, "ताई, स्क्रीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसते?" मी पाहिलं. २०१२ सालची होती!

"तारीख नीट करा आणि साइट पुन्हा उघडा," ती म्हणाली. मी केलं, साइट उघडली, प्रस्ताव गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तारीख पुन्हा २०१२ ची. मग ती संध्याकाळी येऊन बघून गेली. कॉम्प्युटरच्या पोटात रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं काम तो करतो. आम्ही रोज जाताना मेन स्वीच बंद करायचो, सेल संपलेला, म्हणून रात्रीत घड्याळ मागे जायचं. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून सेल आणला. चाळीस रुपयांत काम झालं.

तारखेचा आणि बँकेच्या साइटचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. प्रत्येक खऱ्या साइटजवळ ओळखीचा एक दाखला असतो. आपल्या उत्पन्नाच्या दाखल्यासारखाच, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत चालणारा. कॉम्प्युटर तो दाखला आपल्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ २०१२ सांगत असेल तर आजचा दाखला त्याला पुढच्या तारखेचा वाटतो, आणि तो म्हणतो, हा खरा नाही, मी आत सोडणार नाही. तो आपल्या भल्यासाठीच अडवत असतो. मोबाइलची तारीख चुकली तरी असंच होतं. म्हणून साइट उघडत नसेल तर आधी घड्याळ बघा. एक सांगते, हा गोल सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर अन्ननलिकेला मोठी इजा होऊ शकते, थेट दवाखान्यातच न्यावं लागतं.

त्या सुनेच्या कामाला सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. गावात पाणी सोडणारा माणूस असतो ना, तसं हे काम. पाणी रोज आलं तर त्याचं नाव कुणी काढत नाही, एक दिवस चुकलं की सगळे त्याला शोधतात. आपल्या पुण्यात असं काम करणाऱ्या मुली-मुलांची मोठी संख्या आहे. पुणे कॉम्प्युटरचं गाव झालं ते काही एका दिवसात नाही. १९८८ साली इथे सी-डॅक ही सरकारी संस्था सुरू झाली आणि १९९१ साली विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथे ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. तुमच्यापैकी अनेकींनी किंवा तुमच्या मुलींनी एमएस-सीआयटी केलं असेल. तो अभ्यासक्रम चालवणारं महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, तेही पुण्यातलंच.

पण आज हे का सांगते? कारण कॉम्प्युटर आता आपल्या गटात आलाय. नाबार्डने २०१५ साली ई-शक्ती नावाचं काम सुरू केलं, गटांच्या वह्या डिजिटल करायचं. पहिल्यांदा दोनच जिल्हे घेतले होते, झारखंडमधला रामगढ आणि आपला धुळे. आता गटाचा हिशेब कुठल्या ना कुठल्या मोबाइलमध्ये नाहीतर कॉम्प्युटरमध्ये भरावाच लागतो. बँक तो बघते आणि त्यावर कर्ज ठरवते. मग ते यंत्र अडलं तर काय करायचं हे आपल्याला नको का यायला? दर वेळी कुणीतरी मुलगा यायचा, काहीतरी करायचा, पाचशे घ्यायचा आणि काय केलं ते सांगायचा नाही. असं किती दिवस चालणार?

त्या सुनेने आम्हाला चार रविवारी बसवून शिकवलं. तेच आज तुम्हाला सांगते.

मोटरीसारखं बघा

शेतातली मोटर चालू केली आणि पाणी आलं नाही, तर तुम्ही काय करता? एकदम मोटर वर काढता का? नाही. आधी बघता, लाइट आहे का. मग तिन्ही फेज आहेत का. मग फ्यूज, मग स्टार्टर. मोटरीचा आवाज येतोय पण पाणी नाही, तर फुटव्हॉल्व्ह, नाहीतर पाइप. विजेपासून पाण्यापर्यंत एकेक टप्पा तपासत जाता. जिथपर्यंत ठीक आहे तिथपर्यंत ठीक, पुढचा टप्पा बिघडलेला.

कॉम्प्युटरवाले अगदी हेच करतात. त्यात तीन नियम आहेत.

पहिला, स्वतःला विचारायचं की शेवटचं नीट कधी चाललं होतं आणि त्यानंतर काय बदललं. नवीन प्रिंटर जोडला? टेबल हलवलं? कुणी वायफायचा पासवर्ड बदलला? बहुतेक वेळा बिघाड तिथेच सापडतो.

दुसरा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. भाजी बिघडली म्हणून मीठ, तिखट, पाणी सगळं एकदम घातलं तर कशाने बिघडली होती ते कधीच कळत नाही. वायरही बदलली, सॉफ्टवेअरही बदललं, आणि सुरू झालं, तर पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

तिसरा, लिहून ठेवायचं. स्क्रीनवर आलेला इंग्रजी संदेश घाईने बंद करू नका. मोबाइलने त्याचा फोटो काढा. डॉक्टरकडे जाताना आपण रिपोर्ट नेतो, तसा हा रिपोर्ट. नुसतं "बंद पडलंय" सांगितलं तर फोनवरचं माणूस काही करू शकत नाही.

आधी डोळ्याने बघायचं

कॉम्प्युटर चालूच होत नसेल तर स्वीच, बोर्ड, प्लग, मागची वायर बघा. त्याच बोर्डात मोबाइलचा चार्जर लावा, मोबाइल चार्ज होतो का बघा. होत असेल तर वीज आहे, पुढे चला. कॉम्प्युटर आणि स्क्रीन या दोन वेगळ्या वस्तू आहेत, दोघांना वेगळी वीज लागते. डबा चालू, दिवा लागलेला आणि स्क्रीन काळी, तर बिघाड स्क्रीनचा किंवा मधल्या वायरचा. आमच्याकडे झाडू मारताना ती वायर दोनदा सैल झालेली आहे, आणि दोन्ही वेळा आम्ही माणूस बोलावला होता!

चालू आहे पण गोठलाय, काहीच हलत नाही, तर बंद करून पुन्हा चालू करा. लोक यावर हसतात, पण त्याला कारण आहे. कॉम्प्युटर काम करताना जे लक्षात ठेवतो ते ओट्यावर पसरलेल्या भांड्यांसारखं असतं. दिवसभरात पसारा वाढतो, एखादं काम अर्धवट राहून जागा अडवतं. बंद करून चालू केलं की ओटा रिकामा होतो. कपाटातलं, म्हणजे तुम्ही सेव्ह केलेलं, जात नाही. सेव्ह न केलेलं मात्र जातं. म्हणून दर पाच-दहा मिनिटांनी कंट्रोल आणि एस ही दोन बटणं एकत्र दाबायची सवय लावा. बंद करताना थेट वायर ओढू नका. अगदीच गोठला असेल तर चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा.

फार हळू चालत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडते. कोण किती ताकद खातंय याची यादी तिथे असते. ज्याचा आकडा सगळ्यात मोठा तो बहुधा अपराधी. तो ओळखीचा प्रोग्रॅम असेल, आत सेव्ह न केलेलं काही नसेल, तर त्यावर बोट ठेवून ‘एंड टास्क’ करा. ओळखीचा नसेल तर हात लावू नका, फोटो काढून जाणकाराला विचारा.

इंटरनेट नाही, म्हणजे नेमकं कुठे नाही?

हे सगळ्यात जास्त वेळा होतं. इथेही मोटरीचा नियम. पाणी विहिरीतून पाइपात, पाइपातून नळात येतं. तसं इंटरनेट कंपनीकडून राउटरच्या डबीत आणि डबीतून तुमच्या कॉम्प्युटरला येतं.

आधी त्याच वायफायवर एखादा मोबाइल जोडून बघा. मोबाइलवर चालतंय तर विहीर आणि पाइप ठीक, बिघाड तुमच्या कॉम्प्युटरमध्ये. मोबाइलवरही नाही तर डबीकडे बघा. मात्र मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करून तपासा, नाहीतर आपली फसगत होते.

याच्या पुढचं हत्यार म्हणजे पिंग. नाव ऐकून घाबरू नका. १९८३ साली अमेरिकेत माइक मुस नावाच्या माणसाने हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडी शोधायला पाण्यात आवाज सोडतात आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून हे नाव ठेवलं. आपण अंधारात वाड्याच्या दारातून "कुणी आहे का?" अशी हाक मारतो आणि "ओ" आली तर कळतं, आत माणूस आहे. पिंग तेवढंच करतं. आज चाळीस वर्षांनंतरही मोठमोठ्या कंपन्यांतली माणसं पहिल्यांदा हीच हाक मारतात.

कशी मारायची? चालू करायच्या मेनूत इंग्रजीत सी-एम-डी अशी तीन अक्षरं टाइप करून एंटर दाबा. काळी खिडकी उघडते. तिथे पी-आय-एन-जी, मग एक जागा सोडून तुमच्या राउटरचा नंबर टाका. तो बहुधा डबीच्या मागे छापलेला असतो, अनेक घरांत १९२.१६८.१.१ असा असतो. आकडे इंग्रजीतच टाइप करायचे. एंटर दाबल्यावर ‘रिप्लाय’ अशा चार ओळी आल्या तर डबीपर्यंत हाक पोचली. मग दुसरी हाक ८.८.८.८ या नंबरला मारा. हा गूगलचा सगळ्या जगाला खुला असलेला नंबर आहे. उत्तर आलं तर इंटरनेट आहे. तिसरी हाक नावाने मारा, गूगल डॉट कॉम.

आता ताडून बघा. पहिलीच हाक पोचली नाही तर तुमची वायर किंवा वायफाय बिघडलंय. पहिली पोचली आणि दुसरी नाही, तर कंपनीकडून येणारी लाइन बंद, तक्रार त्यांच्याकडे करा. दुसरी पोचली आणि तिसरी नाही, तर गंमत वेगळी आहे. इंटरनेट आहे, पण नावावरून नंबर शोधून देणारी डिरेक्टरी बंद आहे. अशा वेळी राउटर बंद करून दोन मिनिटांनी चालू केला की पुष्कळदा सुरू होतं. एक लक्षात ठेवा, काही बँकांच्या आणि सरकारी साइट मुद्दाम पिंगला उत्तर देत नाहीत. म्हणून तपासायला त्यांचं नाव घेऊ नका.

हे कळल्याचा फायदा काय झाला ते सांगते. मागच्या पावसाळ्यात आमचं इंटरनेट गेलं. कंपनीला फोन केला तर नेहमीचं उत्तर, "मॅडम, तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये प्रॉब्लेम असेल." मी म्हटलं, "राउटरपर्यंत पिंग जातंय, त्याच्या पुढे जात नाही, आणि तीन मोबाइलवरही हेच आहे." पलीकडचा मुलगा गप्प झाला. दोन तासांत माणूस आला. खांबावरची वायर तुटली होती.

मराठी अक्षरांचा काला

जुनी फाइल उघडली आणि मराठीऐवजी भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसली, असं झालंय ना? फाइल खराब झालेली नसते. पूर्वी मराठी टायपिंगसाठी श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअर वापरत. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेक कंपनीचं ते. त्या काळच्या फॉन्टमध्ये आतून इंग्रजी अक्षरांचे नंबर आणि वरून मराठी आकार असायचे. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल नेली की वरचा आकार जातो आणि आतलं उघडं पडतं. आता युनिकोड आलंय. त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा नंबर आहे, म्हणून मोबाइलपासून बँकेपर्यंत ते सारखंच दिसतं. जुनी फाइल काढून टाकू नका. तोच जुना फॉन्ट टाकला की ती वाचता येते आणि युनिकोडमध्ये बदलूनही घेता येते. नवीन काम मात्र सगळं युनिकोडमध्येच करा.

रोजकीर्द, आणि माझी चूक

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला थोडं जड जातं, पण सांगते.

गटात आपण रोजकीर्द लिहितो. तारीख, कुणी, किती, कशासाठी. कॉम्प्युटरही स्वतःची रोजकीर्द लिहीत असतो. तिला लॉग म्हणतात. कोण आलं, कधी आलं, काय बदललं, काय बिघडलं. सिस्टीम सांभाळणाऱ्याचं निम्मं काम म्हणजे ही रोजकीर्द वाचणं.

आमच्या एका गटाचा हिशेब ऑनलाइन तक्त्यात होता. एका महिन्याच्या बैठकीत तक्ता आणि पासबुक जुळेनात. पासबुकात १८,६०० रुपये, तक्त्यात १६,८००. फरक अठराशेचा. पैसे बँकेत भरायचं काम कोषाध्यक्ष ताईंकडे. कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांची नजर त्यांच्याकडे गेली. खरं सांगते, माझीसुद्धा गेली. एवढाही विचार केला नाही, की बँकेत जास्तच आहेत, मग त्यांनी घेतले कुठून? आकडे जुळले नाहीत एवढंच डोक्यात होतं. त्या ताई पुढच्या बैठकीला आल्या नाहीत.

मी त्या सुनेला तक्ता दाखवला. तिने आधी कॉम्प्युटरला हातच लावला नाही. म्हणाली, "ताई, फरकाला नऊने भाग जातो का बघा." अठराशे भागिले नऊ, दोनशे. भाग गेला. "मग दोन आकडे उलटसुलट टाइप झाले असणार. जुन्या हिशेबनिसांची युक्ती आहे ही." बघा, आठ आणि सहा, सहा आणि आठ. मग तिने तक्त्याचा जुना इतिहास उघडला. अशा तक्त्यात ‘व्हर्जन हिस्टरी’ नावाचा भाग असतो. कुठल्या दिवशी, किती वाजता काय बदललं ते तिथे दिसतं. १८,६०० चं १६,८०० मंगळवारी रात्री पावणेअकराला झालं होतं.

आम्ही सगळ्या एकाच नावाने, एकाच पासवर्डने तक्ता उघडायचो, म्हणून कुणी बदललं ते नाव दिसेना. पण वेळ दिसत होती. मी व्हॉट्सॲपवर गटाला टाकलेला माझाच संदेश काढला, ‘आजच्या नोंदी पूर्ण केल्या.’ मंगळवार, रात्री दहा वाजून पन्नास मिनिटं. दमलेली होते, झोप आलेली होती, आणि आकडे मीच उलटे टाकले होते.

दुसऱ्या दिवशी बस पकडून त्यांच्या गावी गेले. त्यांच्या दारात उभं राहून सांगितलं, ताई, चूक माझी होती. पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर तो इतिहास मोबाइलवर उघडून दाखवला. त्या आजही कोषाध्यक्ष आहेत.

यातून आम्ही दोन नियम केले. प्रत्येकीचं स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड. तो दुसरीवर अविश्वास म्हणून नाही, उलट कुणावर खोटा आळ येऊ नये म्हणून. आणि आकडा एकीने भरायचा, दुसरीने मोठ्याने वाचून पासबुकाशी ताडायचा.

नोंद बघणं किती मोठं काम आहे याची एक पुण्यातलीच गोष्ट सांगते. कॉसमॉस ही १९०६ साली सुरू झालेली सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एटीएममधून पैसे द्यायचे की नाही, हे ठरवणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी आपली खोटी यंत्रणा घुसवली, आणि ती प्रत्येकाला होकार देत सुटली. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. सोमवारी १३ तारखेला आणखी रक्कम हाँगकाँगच्या खात्यात गेली. एकूण ९४ कोटी ४२ लाख रुपये. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागला नाही, नुकसान बँकेचं झालं. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना शिक्षा दिली. सुट्टीच्या दिवशीही कुणाचा तरी डोळा नोंदींवर लागतो तो यासाठी. आपणही गटाच्या खात्याचे एसएमएस एकाच मोबाइलवर न ठेवता, येताच वाचायची जबाबदारी कुणावर आहे ते ठरवून घ्यावं.

तीन प्रती

बियाणं आपण एकाच कणगीत ठेवत नाही. हिशेबाचंही तसंच. सिस्टीमवाल्यांचा नियम आहे, तीन-दोन-एक. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. म्हणजे एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, एक पेन ड्राइव्हवर, एक ऑनलाइन किंवा दुसऱ्या गावच्या सखीकडे. पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला कायम लावून ठेवू नका, व्हायरस आला तर दोन्ही जातात. आणि महिन्यातून एकदा ती प्रत उघडून बघा. न उघडलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नये. आमच्या एका पेन ड्राइव्हमध्ये सहा महिने रिकामी फाइलच उतरत होती. कळलं ते उघडून बघितल्यावर.

कागदाची वहीसुद्धा सोडू नका. १९ जुलै २०२४ ला एका कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरमध्ये चुकीची फाइल गेली आणि जगभरातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले. आपल्या देशात विमानतळांवर हाताने लिहिलेले पास दिले गेले. ते कॉम्प्युटर सुरू करायला माणसांना पुष्कळ ठिकाणी एकेका यंत्रापुढे बसून ती चुकीची फाइल काढावी लागली. एवढ्या मोठ्यांना कागद लागला, मग आपल्याला का लागू नये?

दुरून हात घालणारं हत्यार

शेवटचं आणि सगळ्यात जपून वापरायचं. एनीडेस्कसारख्या ॲपने पुण्यात बसलेलं माणूस तुमच्या गावातला मोबाइल किंवा कॉम्प्युटर दुरून चालवू शकतं. ती सून आम्हाला अशीच मदत करते. पण हेच हत्यार चोरही वापरतात. रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच याबद्दल सावध केलं होतं. "तुमचं केवायसी संपलंय, हे ॲप टाका, नंबर सांगा," असा फोन आला तर तो नंबर म्हणजे घराची किल्ली समजा. नियम सोपा आहे. फोन आपण लावला असेल आणि माणूस ओळखीचं असेल तरच. त्यांनी लावला असेल तर नाही. मदत चालू असताना स्क्रीनसमोरून उठायचं नाही, बँकेचं ॲप उघडायचं नाही, काम संपलं की ॲप बंद करायचं. चुकून पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या नंबरला फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

मैत्रिणींनो, आता या महिन्याच्या बैठकीत एक काम करा. शंभर पानी वही घ्या, वर लिहा ‘कॉम्प्युटरची वही’. पहिल्या पानावर कॉम्प्युटर कधी घेतला, वॉरंटी कधीपर्यंत, इंटरनेट कंपनीचा तक्रार नंबर, राउटरचा नंबर आणि १९३० लिहा. पासवर्ड त्यात लिहू नका. पुढच्या पानांवर प्रत्येक बिघाडाच्या चार ओळी. तारीख, काय झालं, काय केलं, किती पैसे लागले. आमच्या वहीत पहिली नोंद आहे, ‘तारीख मागे जात होती, सेल बदलला, चाळीस रुपये.’ परवा वेल्ह्याच्या बाजूच्या एका गटातून फोन आला. नव्याने काम शिकणारी मुलगी घाबरून म्हणाली, "ताई, बँकेची साइट उघडत नाही, लाल अक्षरं येतायत, इथला माणूस म्हणतो नवीन घ्यायला लागेल." मी वही उघडली आणि तिला विचारलं, "बाळा, खालच्या कोपऱ्यात तारीख काय दिसते?"

पुढच्या वेळी आपण यूपीआयचे व्यवहार रोजकीर्दीत कसे लिहायचे ते बघू. तोपर्यंत नमस्कार.